सरकारी नोकराला आजार, बाकीच्यांना नशीब?

आज रस्त्यातले खड्डे नाहीत, लाईट नाही, तिलारीचे हत्तीही नाहीत. ज्या विषयावर आपल्याकडे दार लावून बोलतात, त्यावर लिहितोय. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

मागच्या आठवड्यात एसटी स्टँडजवळ एका रिक्षावाल्या मित्राने मला बाजूला घेतलं. लग्नाला आठ वर्षं झाली. बायको काजू फॅक्टरीत जाते. मूल नाही. इकडेतिकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, तुमी पेपरात लिवतास म्हणान इचारतंय. गोव्यात म्हणे ह्या फुकट करतत. आमका मिळात काय?"

'ह्या' म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, आयव्हीएफ. त्याला तो शब्दसुद्धा मोठ्याने उच्चारायचा नव्हता.

त्याने ऐकलेलं खरं आहे. गोवा सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात आयव्हीएफ मोफत सुरू केलं. पण ते गोव्याच्या लोकांसाठी. आपल्या सिंधुदुर्गाला बांबोळीची सवय आहे. अपघात झाला, छातीत दुखलं, डोक्याला मार लागला की ॲम्ब्युलन्स थेट पत्रादेवी ओलांडते. जानेवारी २०१८ पासून तिथे बाहेरच्या रुग्णांना पैसे लागू झाले, तेव्हा आपण किती आरडाओरडा केला ते आठवत असेल. मी तेव्हा बातम्या केल्या होत्या, आणि तेव्हाही मनात एकच प्रश्न होता. शेजाऱ्याच्या चुलीवर आपण किती दिवस भात शिजवणार?

मित्राला म्हटलं, "नाय रे, ती सोय त्यांच्या लोकांसाठी आहे." तो "बरां" म्हणाला आणि रिक्षा चालू करून गेला. त्याचं ते "बरां" चार दिवस डोक्यातून जाईना, म्हणून ही पोस्ट.

आता एक गोष्ट सांगतो. ती मी आजवर कुठे लिहिली नाही. आज बायकोला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिहा, पण रडगाणं नको."

आम्हीही त्या वाटेने गेलोय. लग्नानंतर चार वर्षं वाट बघितली. रवळनाथाला गाऱ्हाणं घालून झालं, नवस बोलून झाले, झाडपाल्याचं औषध झालं. सगळं हिच्यावर. माझी साधी वीर्य तपासणी, जी काही शेकड्यांत होते, ती व्हायला साडेचार वर्षं लागली, कारण मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पत्रकार माणूस, जगाला प्रश्न विचारणारा! दोष निघाला तो माझ्यात. साधारण निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचंही कारण असतं, एकट्या त्याचं किंवा दोघांचं मिळून. पण ओटी भरायला कुणाला बोलवायचं नाही, हे गाव बाईकडे बघून ठरवतं.

पुढे कोल्हापूरला खाजगी दवाखान्यात दोनदा आयव्हीएफ केलं. पहाटेची गाडी, घाट, तपासणी, संध्याकाळी परत. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन, मग बीजं काढणं, मग गर्भ आत सोडणं, मग दोन आठवडे श्वास रोखून थांबणं. औषधं, तपासण्या, राहणं, येणं-जाणं धरून एका खेपेला दोन लाखांच्या आसपास. पहिल्या खेपेला हिचे दागिने पतसंस्थेत गेले, दुसऱ्या खेपेला रस्त्याकडेचे चार गुंठे. दोन्ही वेळा रिपोर्ट निगेटिव्ह. डॉक्टर तिसऱ्यांदा करूया म्हणाले. विकायला काही उरलं नव्हतं. आम्ही थांबलो ते वैद्यकीय कारणाने नाही, पैसे संपले म्हणून. त्यात डॉक्टरांची चूक नव्हती. या उपचारात पहिल्याच खेपेला यश मिळेल अशी खात्री कुणालाच देता येत नाही, तरुण वयातसुद्धा. म्हणूनच पैशाचा प्रश्न इतका जीवघेणा होतो.

रडगाणं संपलं. आता मुद्द्यावर येतो.

जागतिक आरोग्य संघटना वंध्यत्वाला आजार म्हणते. एक वर्ष प्रयत्न करून गर्भ राहिला नाही तर तो प्रजनन संस्थेचा आजार. २०२३ च्या त्यांच्याच अहवालानुसार जगात साधारण सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. म्हणजे तुमच्या वाडीत, तुमच्या भावकीत, कदाचित तुमच्याच घरात.

आपलं सरकार याला आजार मानतं का? मानतं की! पण कुणाचा, ते बघा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना आयव्हीएफच्या खर्चाची भरपाई मिळण्याची तरतूद २०११ पासून आहे. एका खेपेला ६५ हजार रुपयांपर्यंत, जास्तीत जास्त तीन खेपा, वयाच्या आणि इतर अटींवर. चांगली गोष्ट आहे, माझा विरोध नाही. त्या बाईचं दुःखही दुःखच.

आता आपल्या खिशातलं आयुष्मान कार्ड काढा. त्या योजनेत काय मिळणार नाही याची यादी आहे. त्यात सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया आहेत, व्यसनमुक्तीचे उपचार आहेत, आणि त्याच रांगेत वंध्यत्वाचे उपचार आहेत. म्हणजे दिल्लीच्या कचेरीतल्या साहेबांच्या घरी जो आजार आहे, तोच काजू फॅक्टरीतल्या बाईच्या घरी आला की नाक सरळ करून घेण्यासारखी हौस ठरतो. एकाच सरकारच्या दोन कागदांवर एकाच दुखण्याची दोन नावं. माझी तक्रार एवढीच आहे. साहेबांचं काढून घ्या असं मी म्हणत नाही. फॅक्टरीतल्या बाईलाही आजारी म्हणा, एवढंच म्हणतोय.

अजून एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. भारतात वैज्ञानिक नोंदींसह जाहीर झालेलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ ६ ऑगस्ट १९८६ ला जन्मलं. कुठे? मुंबईच्या केईएममध्ये. महापालिकेच्या दवाखान्यात! डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्यासोबत परळचीच सरकारी प्रजनन संशोधन संस्था. (त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे करून दाखवलं होतं, पण त्यांना जिवंतपणी मान मिळाला नाही, ती वेगळी शोकांतिका.) म्हणजे हे तंत्र आपल्याकडे रुजलं ते जनतेच्या पैशावर, सरकारी भिंतींच्या आत. आज ते जवळजवळ सगळं खाजगी दवाखान्यांच्या काचेच्या दारांमागे आहे. मुंबईत कामा रुग्णालयात अलीकडे सरकारी केंद्र झालं, त्याचं स्वागत. पण आपल्या जिल्ह्यातून मुंबई म्हणजे काय, ते कोकण रेल्वेच्या जनरल डब्यात उभं राहून गेलेल्याला विचारा. या उपचारात एकदा जाऊन भागत नाही.

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. आधीच उत्तर देतो.

"लोकसंख्या एवढी वाढलीय आणि तुम्ही मुलं वाढवायला पैसे मागता?" मंडळी, आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ८ लाख ६८ हजार होती, २०११ मध्ये ८ लाख ४९ हजार. कमी झाली, मुख्यतः पोरं मुंबईला, गोव्याला गेली म्हणून. महाराष्ट्राचा जननदर २०१९-२१ च्या पाहणीत १.७ वर आला होता. पटाअभावी शाळा बंद पडतायत, त्या बातम्या मीच देतो. पण खरं सांगू, हा हिशोबच मला मान्य नाही. एखाद्याला मूल हवं की नको, हे देशाची लोकसंख्या बघून ठरवायचं नसतं. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया सरकार फुकट करतं, वर थोडे पैसेही देतं. नियोजन म्हणजे नको असताना थांबवणं, तसंच हवं असताना मदत करणं.

"मूल दत्तक घ्या ना." जरूर घ्यावं. आम्हीही नाव नोंदवलंय. पण तान्ह्या बाळासाठी तीन-तीन वर्षं थांबावं लागतं, मुलं कमी आणि इच्छुक पालक कितीतरी जास्त. आणि दत्तक हा मनाचा निर्णय आहे, गरिबाला दिलेला पर्यायी उपचार नाही. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांना कुणी हा सल्ला देत नाही.

"आधी साधे डॉक्टर द्या, मग आयव्हीएफ बघू." हा आक्षेप खरा आहे, याला मी हसणार नाही. आपल्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसल्यामुळे बाळंतीण पुढे पाठवल्याची बातमी मी स्वतः केलीय. म्हणूनच उद्यापासून प्रत्येकाला दोन लाख द्या, असं मी म्हणत नाही. तसं केलं तर आणखी एक धोका आहे. सरकारी पैसा दिसला की गरज नसलेल्यांचंही आयव्हीएफ व्हायला लागेल. योजनांच्या पैशाचं काय होतं, ते आपण बघितलंय.

म्हणून मागणी पायरीपायरीने करतो.

पहिली पायरी तपासणीची. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस वंध्यत्वाची ओपीडी ठेवा, आणि नवराबायको दोघांची तपासणी एकदमच करा. वीर्य तपासणी, थायरॉईड, सोनोग्राफी यात आभाळाएवढा खर्च नाही. क्षयरोगामुळे गर्भनलिका बंद होतात, हे आपल्या देशातलं वंध्यत्वाचं एक मोठं कारण आहे, आणि क्षयरोगाचा कार्यक्रम सरकारचाच आहे. वेळेत सापडलं तर कित्येकांना आयव्हीएफपर्यंत जावंच लागणार नाही. आमची साडेचार वर्षं वाचली असती.

दुसरी पायरी ओरोसची. सिंधुदुर्गनगरीत आता शासकीय मेडिकल कॉलेज आहे. २०२१ च्या कायद्याखालच्या नियमांत दोन प्रकारची केंद्रं सांगितलीत. पहिल्या पातळीवरच्या केंद्रात आययूआय होतं, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याचा साधा उपचार. त्याला आयव्हीएफसारखी भारी लॅब लागत नाही. एवढं तरी ओरोसला सुरू करा. आयव्हीएफचं पूर्ण केंद्र निदान कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात आणा, म्हणजे कोकण आणि पश्चिम महाराष्ट्र दोघांची सोय होईल.

तिसरी पायरी पैशाची. ज्यांना सरकारी डॉक्टर लिहून देतील की आता आयव्हीएफशिवाय मार्ग नाही, त्यांनाच जन आरोग्य योजनेतून मदत द्या. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना जी ६५ हजारांची आणि तीन खेपांची मर्यादा आहे, तीच ठेवा. वयाची अट ठेवा, उत्पन्नाची ठेवा. आम्ही अटी मान्य करू. आम्हाला फक्त यादीतून वगळू नका.

त्याच २०२१ च्या कायद्याने देशातल्या सगळ्या केंद्रांना नोंदणी सक्तीची केली, बायकांसाठी २१ ते ५० आणि पुरुषांसाठी २१ ते ५५ अशी वयं ठरवून दिली. उपचार कुणी करायचे, कुणावर करायचे, हे सरकारने ठरवलं. ते परवडणार कसे, हे मात्र प्रत्येकाने आपापल्या सोनाराला विचारायचं!

आमदारसाहेब, पालकमंत्रीसाहेब आणि जिल्हा परिषदेतले मित्र ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे. पुढच्या अधिवेशनात एक प्रश्न विचारा: केंद्राच्या कर्मचाऱ्याला मिळतं ते महाराष्ट्रातल्या मजुराला का नाही? उत्तर आलं की मी जशास तसं छापीन.

आमचं वय आता निघून गेलंय. ही मागणी आमच्यासाठी नाही. त्या रिक्षावाल्याची बायको एकतीस वर्षांची आहे. तिच्याकडे वेळ आहे, पण फार नाही. सरकारी फाईल फिरायला चार वर्षं लागली, तर तिच्यासाठी ती फाईल रद्दीच.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, मी उत्तर देईन. फक्त कुणा बाईचं नाव घेऊन, कुणाच्या घराकडे बोट दाखवून लिहू नका. तशी कमेंट दिसली की लगेच काढणार. ज्यांना उघड बोलायचं नसेल त्यांनी इनबॉक्समध्ये लिहा. नाव कुठेही जाणार नाही. किती घरांचा प्रश्न आहे, हे साहेबांना आकड्यात सांगायचंय.