उत्तर मिळतं तिथं वक्ते घडतात

20 जुलै 1942 रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. मांडवात वीस-पंचवीस हजार बाया, डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित आणि अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे. त्या दिवशी झालेले ठराव आज वाचतानाही माणूस थबकतो. स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळावा, एक बायको असताना दुसरी करण्यावर बंदी यावी, गिरण्यांत आणि विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायांना पगारी रजा, कामावर इजा झाल्यास भरपाई आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळावं. हिंदू कोड बिलावरचं वादळ अजून काही वर्षं दूर होतं आणि या बाया त्याच्या आधीच नेमकं काय हवं ते जाहीर सभेत मांडत होत्या.

ही मांडणी त्या शिकल्या कुठं? शाळेचं दार त्यांच्या समाजातल्या मुलींना तेव्हा नुकतंच किलकिलं झालं होतं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकासाठी या चळवळीतल्या बायांना शोधून काढलं, त्यांना बोलतं केलं. त्या आठवणींतून जे उभं राहतं ते वस्तीचं जग आहे. महिला मंडळाची बैठक, वर्गणीचा हिशेब, मुलींच्या शाळेसाठी आणि वसतिगृहासाठी घरोघरी केलेल्या चकरा. नागपुरात मुलींसाठी शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरींनी तरुणपणी पोटासाठी ओझी वाहिली होती. अशा बाईला सभेत बोलायला विषय शोधावा लागत नाही.

भाषणाची हौस महाराष्ट्राला नवी नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 मध्ये, आणि ती परंपरा आजही चालू आहे. गावोगावच्या शाळांत वक्तृत्व स्पर्धा होतात, जयंती-पुण्यतिथीला पोरं पाठ केलेली भाषणं ठणठणीत आवाजात म्हणतात. आता शहरांत सभाधीटपणाचे वर्ग निघाले आहेत, नेतृत्वविकासाची शिबिरं निघाली आहेत आणि पालक त्यांची भरभक्कम फी भरतात. यातून काहीच मिळत नाही असं नाही. उच्चार सुधारतात, पाय लटपटायचे थांबतात, हात कुठं ठेवायचे ते कळतं. पण त्या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट राहूनच जाते: ऐकणाऱ्याला उत्तर द्यावं लागत नाही. पाच मिनिटांची घंटा वाजते, टाळ्या पडतात, परीक्षक गुण मांडतात, स्पर्धक खाली बसतो. पाणीटंचाईवर तो कितीही पोटतिडकीनं बोलला तरी दुसऱ्या दिवशी एकही टँकर वेळेवर येत नाही, आणि तो यावा अशी अपेक्षाही कुणाची नसते.

बोलणं अंगात मुरतं ते बोलण्यावर काहीतरी अवलंबून असतं तेव्हा. आणि पुढारपण येतं ते दिलेल्या शब्दाचा जाब द्यावा लागतो तेव्हा. या दोन्ही गोष्टी एकाच जागी घडतात अशी महाराष्ट्रातली आजची सर्वांत मोठी शाळा कोणती असेल, तर ती बचत गटाची बैठक.

ही बैठक जवळून पाहण्यासारखी असते. कुणाच्या तरी ओसरीवर किंवा समाजमंदिरात सतरंजी पडते. दहा ते वीस बाया गोल करून बसतात, मध्ये पत्र्याची पेटी, वह्या, शाईचा पॅड. नवी आलेली बाई सुरुवातीला पदर तोंडाशी धरून आपलं नाव सांगते, तेही शेजारणीनं ढोसल्यावर. मग तिच्या वाट्याला हिशेब वाचून दाखवायचं काम येतं. मागच्या बैठकीची शिल्लक इतकी, आज जमा इतकी, अमुकीचा हप्ता थकला. इथं आवाज मोठा काढावाच लागतो, कारण समोर बसलेल्या प्रत्येकीचे पैसे त्या आकड्यात आहेत. ऐकू आलं नाही तर कुणीतरी लगेच म्हणतं, “पुन्हा वाच गं.” आकडा चुकला तर तिथंच धरला जातो. सभाधीटपणाचा पहिला धडा तो हाच.

खरी कसोटी पुढं असते. दोघीजणी एकाच वेळी कर्ज मागतात आणि पेटीत पैसे एकीपुरतेच असतात. एकीला मुलाची फी भरायची आहे, दुसरीला शेळी घ्यायची आहे, आणि दुसरी अध्यक्षबाईची सख्खी जाऊ आहे. अशा वेळी जावेच्या तोंडावर “या महिन्यात नाही जमणार वहिनी, का ते सांगते” म्हणणं, तेही उद्या एकाच नळावर भांडी घासायची असताना, हे कुठल्याही व्यासपीठावरच्या भाषणाहून अवघड आहे. शब्द मोजून वापरावे लागतात. कारण द्यावं लागतं, आणि ते बाकीच्या पंधराजणींना पटावं लागतं. ज्या बाईनं असं वर्षभर निभावलं, ती बँकेच्या व्यवस्थापकासमोर उभी राहिली की चाचरत नाही.

माण तालुक्यातल्या म्हसवडची गोष्ट त्याची साक्ष देते. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजचे चार पैसे साठवायचे होते आणि कुठलीच बँक तिचं खातं उघडायला तयार नव्हती. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि गावातल्या बायांनी स्वतःचीच बँक काढायची ठरवली. रिझर्व्ह बँकेनं अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बाया निरक्षर होत्या, कागदावर अंगठे होते. बाया खचल्या नाहीत. अक्षरं गिरवायला बसल्या आणि काही महिन्यांनी पंधराजणी थेट रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. आम्हाला वाचता येत नव्हतं, पण हिशेब येतो, असं त्यांनी सांगितलं. कुठल्याही मुद्दलावरचं व्याज आम्हाला विचारा आणि तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा, मग बघू कोण आधी सांगतं. परवाना मिळाला. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्या दालनातल्या त्यांच्या बोलण्यात ठसठशीतपणा होता तो वाक्यांच्या सफाईचा नव्हता. व्याजाचं गणित त्यांच्या रोजच्या जगण्यातलं होतं आणि नकार आला तर काय गमवावं लागेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अशीच शाळा एका अख्ख्या गावानंही चालवली. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. तिथं निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे वेळखाऊ वाटतं आणि ते खरंही आहे. पण त्याचा एक परिणाम असा की गावातल्या सगळ्यांत अबोल माणसालाही विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारानं तिथं अभ्यासगट सुरू झाले. या गटात निर्णय घ्यायचाच नाही, नुसतं समजून घ्यायचं, ही त्यांची शिस्त. जंगलाचा कायदा काय म्हणतो, बांबू कुणाचा, बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचं, शंका विचारायच्या, वाद घालायचे. निर्णयाची जागा वेगळी, ती ग्रामसभा. हरण्या-जिंकण्याची भीती नसल्यामुळे अभ्यासगटात माणसं मोकळेपणानं चुकतात, आणि त्या चुकण्यातूनच मांडणी पक्की होते. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पुढं बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनखातं देईना, तेव्हा गाव हटलं नाही. 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. खात्याशी दोन वर्षं वाद घालणारं ते गाव भाषणाच्या वर्गात तयार झालं नव्हतं.

मग अशी गावं आणखी का नाहीत? महाराष्ट्रात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत. कायद्यानं वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. त्याच कायद्यात आणखी एक सुंदर तरतूद आहे: नियमित ग्रामसभेच्या आधी फक्त महिलांची सभा भरली पाहिजे. ज्या बाईला दीर-सासऱ्यांसमोर तोंड उघडणं जड जातं तिनं आधी बायकांत बोलावं, आपली मागणी ठरवावी आणि मग ती सगळ्यांच्या वतीनं मोठ्या सभेत यावी. ज्यानं ही तरतूद सुचवली त्याला गाव कळत होतं.

प्रत्यक्षात अनेक गावांत महिला सभा वहीतच भरते. ग्रामपंचायतीचा शिपाई सह्यांचं रजिस्टर घेऊन दारोदार फिरतो, चुलीपुढची बाई राखेचा हात पदराला पुसून सही करते आणि सभा ‘संपन्न’ होते. ग्रामसभेचीही तीच गत. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं जमली की गणपूर्ती होते. तेवढीही न जमल्यानं सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग ज्यांना ठराव हवे असतात तेवढेच चार-सहा जण येतात, सूचक एक, अनुमोदक दुसरा, सर्वानुमते मंजूर. लोकांना उत्साह नाही असा शेरा मारून अधिकारी मोकळे होतात. पण दोनदा हात वर करूनही ज्याचा प्रश्न ‘ऐनवेळच्या विषयात’ ढकलला गेला आणि तिथून गायब झाला, त्यानं तिसऱ्यांदा दिवसाची मजुरी बुडवून का यावं?

इथंच खरी मेख आहे. बोलायला शिकवून भागत नाही, ऐकणाऱ्यावर बंधन लागतं. तामिळनाडूतल्या जवळपास 300 ग्रामसभांत झालेलं बोलणं शब्दशः उतरवून अभ्यासकांनी तपासलं. हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. सभेत बसलेल्या बाया बोलायची शक्यता पुरुषांपेक्षा कमी, बोलल्या तर विषय त्यांच्या बाजूला वळायची शक्यता कमी आणि अधिकाऱ्यांकडून मुद्द्याला धरून उत्तर मिळायची शक्यताही कमी, असं त्यात दिसलं. जिथं पंचायतीचं अध्यक्षपद महिलेकडं होतं तिथं अधिकारी बायकांच्या प्रश्नांना अधिक उत्तरं देत होते. त्याआधी 2004 मध्ये राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी पश्चिम बंगालच्या वीरभूम जिल्ह्यातून असंच काही समोर आणलं होतं. प्रधानपद महिलेसाठी राखीव असलेल्या पंचायतींत बायका आपल्या मागण्या घेऊन अधिक पुढं येत होत्या. आवाज त्यांच्याकडे आधीही होता. दार उघडं दिसल्यावर त्या आत आल्या.

महाराष्ट्रानं 2011 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना 50 टक्के आरक्षण दिलं, हे फार मोठं पाऊल होतं. पण खुर्ची मिळणं आणि खुर्चीवर बसू देणं यांत अंतर आहे. गावात ‘सरपंचपती’ हा शब्द आता इतका रुळला आहे की त्याचं कुणाला काही वाटत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचाला किरकोळ तक्रारींवरून पदावरून दूर केलं गेलं, तेव्हा तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. 2024 मध्ये न्यायालयानं तिचं पद तिला परत दिलं आणि गावकऱ्यांना सरपंचपदी बाई असणंच पचत नव्हतं, असं स्पष्ट म्हटलं. इतक्या दूर किती जणी जाऊ शकतील?

शहरांतही फारसं निराळं नाही. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मंडळांनी महाराष्ट्राला कितीतरी नगरसेवक आणि आमदार दिले. मांडवाचा परवाना, वर्गणी, पोलीस ठाण्यातली बैठक, विसर्जनाच्या रात्रीचा गोंधळ यांतून पोरं माणसं सांभाळायला शिकतात. त्याच मंडळात मुली ढोल वाजवतात, रांगोळ्या काढतात, पण कार्यकारिणीच्या यादीत मुलींची नावं शोधावी लागतात. वर्गणीचा हिशेब मांडण्याची आणि त्यावर चार प्रश्न झेलण्याची संधीच मिळाली नाही, तर त्या शिकणार कशा?

यावर उपाय आहेत आणि त्यांना नवी योजना लागत नाही, निधी तर नाहीच. महिला सभेची वेळ गावातल्या बायांनी ठरवावी. खुरपणीच्या दिवसांत सकाळी अकराची सभा ठेवणं म्हणजे ती न भरवण्याचा पक्का बंदोबस्त. वाड्या, तांडे आणि पाडे दूर असतील तर सभेनं तिकडं जावं. खुर्च्यांची रांग आणि टेबल काढून सगळ्यांनी खाली बसावं, बचत गटासारखं. पहिला अर्धा तास फक्त बायकांनी आणि तरुणांनी बोलावं. ज्या गटांच्या बाया हिशेब वाचण्यात तयार झाल्या आहेत त्यांच्यातल्या एकीला पंचायतीचा जमाखर्च मोठ्यानं वाचायला द्यावा, म्हणजे रस्त्याच्या खडीकरणाचा आकडा ऐकून कोण चुळबुळतं तेही दिसेल.

आणि सगळ्यांत आधी, मागच्या सभेचा अनुपालन अहवाल. आज इतिवृत्त ‘वाचून कायम करण्यात आले’ अशी एक ओळ लिहून ते काम उरकलं जातं. त्याऐवजी मागच्या सभेत कुणी काय विचारलं, त्याचं काय झालं, झालं नसेल तर का आणि कधी होईल, हे ग्रामसेवकानं एकेका प्रश्नापुढं लिहावं आणि सभेच्या सात दिवस आधी पंचायतीच्या फलकावर, अंगणवाडीच्या भिंतीवर आणि रेशन दुकानात लावावं. ज्या बाईनं गटाराचा प्रश्न मांडला होता तिला रेशनच्या रांगेत उभ्या उभ्या आपला प्रश्न आणि त्यापुढची तारीख वाचता यावी. तारीख टळली तर पुढच्या सभेत काय विचारायचं, हे तिला कुणी शिकवायला नको.