जीर्णोद्धार कशाचा?

कोकणातील गावोगावी मंदिरांच्या जीर्णोद्धाराची कामे निघत आहेत. मुंबईकर चाकरमान्यांनी पदरमोड करून ग्रामदैवतासाठी निधी उभारावा, यामागील श्रद्धेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो या निधीतून उभे काय राहते, याचा. जांभ्याच्या चिऱ्यांचा, लाकडी खांबांचा, कौलारू सभामंडप पाडला जातो आणि त्याच्या जागी सिमेंटचा सपाट स्लॅब, चकचकीत टाइल्स व लोखंडी शटर येते.

सभामंडप हा केवळ देवळाचा पुढचा भाग नव्हे. ते साऱ्या गावाचे घर आहे. गावकीची बैठक तेथे बसते, भजने तेथे रंगतात, भर दुपारी वाटसरू तेथेच टेकतो. जुन्या कारागिरांनी त्याची रचना याच वापरासाठी केली. बाजू उघड्या, म्हणून वारा खेळता. टेकून बसायला कठडा. पागोळ्या दूर पडाव्यात म्हणून छपराला लांब उतार. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. तो जवळच मिळतो आणि घडविणारा हातही जवळचाच. स्लॅब मात्र दिवसभर ऊन पितो व रात्री तीच ऊब खाली सोडतो. मग पंखे आले, विजेचे देयक आले. बंदिस्त, टाइल्स लावलेल्या दालनात पखवाज असा घुमतो की अभंगातील शब्दच कळेनासा होतो!

याहून गंभीर बाब देवराईची. फरसबंद आवारासाठी, वाहनतळासाठी देवाच्या रानातील झाडांवर कुऱ्हाड चालते. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात देवरायांचा अभ्यास करून त्यांचे शास्त्रीय मोल दाखवून दिले. गावाच्या पूर्वजांना ते आधीच उमगले होते. कित्येक ठिकाणी गावाचा झरा त्याच रानातून वाहतो.

लाकूड महागले, वाळवी लागते, जाणते सुतार दुर्मीळ झाले, ही गावकऱ्यांची अडचण खरी आहे. परंतु सपाट स्लॅब हाच त्यावरील एकमेव उपाय नव्हे. वास्तुकार लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचे संकुल उभारताना झाडे राखून भिंतीच वळविल्या आणि खिडक्यांऐवजी विटांच्या जाळ्या योजल्या. स्लॅबच्या खालच्या भागात, जेथे काँक्रीटवर फारसा भार नसतो, तेथे ते मंगळुरी कौले बसवीत. सिमेंट वाचे, उष्णताही कमी होई. उतरविलेल्या मंडपाची कौले त्याच मंडपाच्या नव्या छतात घालता येतील, इतकी ही युक्ती सोपी आहे. लोखंडी कैच्यांवर कौले चढविण्याचा मार्गही खुला आहेच.

पावतीपुस्तक छापण्यापूर्वी जीर्णोद्धार समितीने आवारातील प्रत्येक झाड दाखविणारा आराखडा ग्रामसभेपुढे ठेवावा. आणि देणगीदारांनी तो पाहिल्याशिवाय पावती फाडू नये.