‘लेट’ म्हणजे नेमकं कोण लेट?

कुडाळ स्टेशनवर उभे राहा नाहीतर मालवणच्या एसटी स्टँडवर, एक शब्द हटकून कानावर पडतो. “गाडी लेट आसा.” “किती?” “तासभर.” मालवणीत हा शब्द इतका मुरलाय की तो इंग्रजी आहे हेच आपण विसरलोय.

उच्चारही आपण आपला करून घेतला. इंग्रज ‘लेइट’ म्हणतो, ‘ए’वरून ‘इ’कडे घसरत. आपण सरळ ‘लेट’ म्हणतो, ‘ट’ ठणकावून. त्यात चूक काही नाही. शब्द घरात आला की घरच्यासारखाच बोलायचा.

खरी गंमत अर्थात आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता ‘मंद, सुस्त’. म्हणजे तो घड्याळाबद्दल नव्हता, करणाऱ्याच्या चालीबद्दल होता. उशिरासाठीचा दुसरा इंग्रजी शब्द ‘टार्डी’, तोही ‘मंद’ अर्थाच्या लॅटिन ‘टार्डुस’वरून आलेला. आपले शब्द बघा. ‘दिरंगाई’ फारसी ‘दिरंग’वरून आली. ‘विलंब’ संस्कृत, त्याच्या मुळाशी लोंबकळणं आहे. फाईल लोंबकळत पडली असं आपण म्हणतो ते उगाच नाही!

माझा मुद्दा एवढाच, की उशीर आपोआप होत नाही, तो कोणीतरी करतो. आपण मात्र “काम लेट झाला” म्हणून मोकळे होतो. करणारा वाक्यातून गायब.

सगळाच उशीर सारखा नसतो, हेही मान्य. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू धावतात, पण दरडींचा धोका म्हणून, आणि त्याचं वेगळं वेळापत्रक आधी जाहीर होतं. कारण माहीत, वेळ माहीत, तक्रार नाही. उलट मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं, त्याच्या किती मुदती येऊन गेल्या ते चाकरमान्यांना विचारा. इंग्रजीत नावाआधी ‘लेट’ लागला की माणूस वारला असं समजतात. आपल्याकडे तो मुदतीच्या आधी लावायची पाळी आलीय.

कारकून दहा मिनिटं उशिरा आला तर लेटमार्क. पोरगा शाळेत उशिरा पोचला तर वर्गाबाहेर. मग महिनोन्महिने टेबलावर पडलेल्या सातबाराच्या फेरफाराला लेटमार्क कोणाचा?

त्यासाठी राज्यात कायदा आहे मंडळी. 2005 चा, बोलीभाषेत ‘दफ्तर दिरंगाई कायदा’. त्याच्या कलम 10 प्रमाणे कुठलीही फाईल सर्वसाधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. मुद्दाम उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. 2015 चा लोकसेवा हक्क कायदाही आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं.

तेव्हा पुढच्या खेपेस कचेरीत “साहेब, काम लेट कित्याक झाला?” असं विचारू नका. “माझी फाईल कोणाकडे आसा, आणि खयच्या तारखेपासून?” असं विचारा. तोंडी नको, अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या. त्या पोचेवरची तारीख जपून ठेवा. उशीर कोणाचा, हे सिद्ध करायला तीच कामाला येते.