‘बघू नंतर’ म्हणता म्हणता…

‘आरपार’ कसा आहे गं? गेल्या पंधरा दिवसांत हा प्रश्न मला चार जणांनी विचारला. आमच्या ग्रुपमध्ये पिक्चरचं काहीही असलं की मलाच विचारतात. त्यामुळे उत्तर देणं आलंच. ‘ट्रेलर ठीक वाटला. सोड, ओटीटीवर आला की बघू,’ असं मी चौघांनाही सांगून टाकलं. खरं सांगू? मी तो बघितलाच नव्हता.

१२ सप्टेंबरच्या एकाच शुक्रवारी तीन मराठी सिनेमे लागले. ‘दशावतार’, ‘बिन लग्नाची गोष्ट’ आणि हा ‘आरपार’. त्याच दिवशी जपानी अॅनिमे ‘डीमन स्लेयर’ही आला. नऊच्या लेक्चरला डोळे चोळत येणारी आमच्या वर्गातली मुलं त्यासाठी भल्या पहाटे उठून थिएटरात हजर! पुढच्या शुक्रवारी ‘साबर बोंडं’ आणि त्याच्यासमोर ‘जॉली एलएलबी ३’. शुक्रवार दोन, सिनेमे सहा आणि पॉकेटमनी एकच. मी तीन बघितले.

बघितलेले तीन

‘दशावतार’ पहिल्याच रविवारी बघितला. सिनेमा आला तेव्हा दिलीप प्रभावळकर ८१ वर्षांचे होते. कोकणातला दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री त्यांनी असा उभा केलाय की वय विसरायला होतं. नजर अधू होत चाललेला बाप आणि ‘आता बास करा’ म्हणणारा मुलगा, एवढ्यावर पूर्वार्ध मस्त चालतो. उत्तरार्धात सिनेमा गिअर बदलतो आणि मला तिथे तो थोडा ताणल्यासारखा वाटला. वाईट माणसं जरा जास्तच वाईट आहेत. पण प्रभावळकर रंग लावून समोर येतात तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडतात. आमच्या वयाची मुलं ८१ वर्षांच्या नटासाठी शिट्ट्या मारतायत, हे बघायलाच तिकीट वसूल.

‘बिन लग्नाची गोष्ट’मध्ये प्रिया बापट आणि उमेश कामत बारा वर्षांनी मोठ्या पडद्यावर एकत्र आलेत. लग्न न करता मूल, असा विषय. काही प्रसंग मालिकेच्या वळणावर जातात. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक मात्र धमाल करतात. हा सिनेमा मी आईबरोबर बघितला. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, ‘तू असं काही करणार असशील तर आधी मला सांग.’ या विषयावर आमचं हे पहिलंच बोलणं. ‘मास्टरपीस’ नसलेला सिनेमाही एवढं करू शकतो.

आणि ‘साबर बोंडं’. रोहन कानवडेच्या या सिनेमाला जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा लहानपणचा मित्र बाळ्या यांची ही प्रेमकथा. पार्श्वसंगीत नाही, घाई नाही. पहिली वीस मिनिटं मी चुळबुळत होते. मग सुतकाचे नियम, दिवसावर आलेले नातेवाईक, ‘लग्नाचं काय?’ असली चौकशी हे सगळं ओळखीचं वाटायला लागलं आणि मोबाइल बघायचा विसरले. यंदाचा मला सगळ्यात आवडलेला सिनेमा हाच. शो दुपारी पावणेदोनचा होता. हॉलमध्ये मला धरून नऊ जण आणि माझं एक लेक्चर बुडालं.

वेळेचं गणित

नऊच जण का, याचं सोपं उत्तर ‘मराठीला प्रेक्षक नाही’ असं दिलं जातं. पण मंगळवारी दुपारी पावणेदोनला कोण मोकळं असतं? नोकरीवाले ऑफिसात, आपण ७५ टक्के हजेरीच्या मागे. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमासाठी प्राइम टाइम सक्तीचा केला. वाद झाला आणि ती वेळ ‘दुपारी १२ ते रात्री ९’ अशी ताणली गेली. म्हणजे दुपारी बाराचा शोही नियमात बसला.

थिएटरवाल्यांचीही बाजू आहे. शुक्रवार ते रविवार किती खुर्च्या भरल्या ते बघून सोमवारपासूनचे शो ठरतात. रिकाम्या हॉलचा एसी कोणालाच परवडत नाही. जुलैमध्ये ‘सैयारा’ आणि ‘ये रे ये रे पैसा ३’ एकाच दिवशी आले. मराठी सिनेमाचे शो कमी झाले म्हणून मोठा वाद पेटला. पण ‘सैयारा’चे हॉल भरले कोणी? आपणच. थिएटरात रडतानाचे रील्स टाकणारेही आपणच.

पैशांचं म्हणाल तर २२ सप्टेंबरपासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. शंभरच्या वर मात्र १८ टक्के कायम. वीकेंडला मल्टिप्लेक्सात शंभरच्या आतलं तिकीट कोणाला मिळालं तर मलाही कळवा.

आयांकडून शिका

२०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ आला, तेव्हा माझी आई सोसायटीतल्या चौदा बायकांना घेऊन गेली होती. सगळ्या नऊवारीत. रिव्ह्यू वाचला नाही, रेटिंग बघितलं नाही. पहिल्या आठवड्यात तिकिटं काढली, बस. राज्यभर बायकांच्या अशाच फौजा गेल्या, म्हणून तो सिनेमा थिएटरात टिकला. आपण ग्रुपवर ‘कसा आहे?’ विचारतो, कोणीतरी अर्धवट उत्तर देतं आणि तोवर सिनेमा उतरतो.

ते अर्धवट उत्तर देणारी मीच. परवा त्या चौघांना मेसेज केला, ‘आरपार मी बघितला नव्हता, उगाच बोलले.’ एकाचं लगेच उत्तर आलं, ‘मग चल ना, बघू.’ अॅप उघडलं. आमच्या जवळच्या थिएटरातून तो गेला होता. माझ्या एका वाक्याने त्याची चार तिकिटं गेली, माझं धरून पाच. अशी वाक्यं रोज किती ग्रुपवर पडत असतील? सिनेमा वाईट असेल तर वाईट म्हणूच, पण बघून.

पुढच्या रविवारी आम्ही पाच जण जातोय. कुठला सिनेमा ते शुक्रवारी ठरवू. शोची वेळ मात्र आधी बघणार आहे.