विश्लेषण : डिझेल मोटारीचे ‘इंजिन काम’ खरेच निघाले आहे का?

बारा-तेरा वर्षे वापरलेली डिझेल मोटार. सकाळी दोन-तीन वेळा सेल्फ मारल्याशिवाय सुरू होत नाही, घाटात दम सोडते, मागून काळा धूर येतो. गॅरेजमध्ये नेल्यावर मिस्त्री बॉनेट उघडतो, ऑइलचे झाकण काढून त्यातून निघणारा धूर दाखवतो आणि दहा मिनिटांत निकाल देतो : ‘इंजिन काम निघालंय, साहेब.’ मग घरात हिशेब सुरू होतो. गाडी विकून जेवढे येतील, जवळपास तेवढेच इंजिनवर घालायचे का? बहुतेक कुटुंबे या टप्प्यावर गाडी मिळेल त्या भावाला काढतात. पण ज्या निदानावर हा निर्णय उभा असतो, त्यात मोजमाप किती आणि अंदाज किती, हे विचारले जात नाही.

हा प्रश्न आताच का?

जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले. डिझेलचे दर मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच्या हातात राहिले. मधल्या चार वर्षांत दोन्ही इंधनांच्या दरांतील फरक इतका वाढला की, रोज पाच-दहा किलोमीटर गाडी चालवणाऱ्यांनीही डिझेल मोटारी घेतल्या. फियाटच्या तंत्रज्ञानाचे १२४८ सीसीचे मल्टिजेट इंजिन त्या काळात स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा अनेक गाड्यांत होते आणि त्यातले काही पुण्याजवळ रांजणगावात तयार होत होते. त्या लाटेतल्या गाड्या आता पंधराव्या वर्षाकडे निघाल्या आहेत. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू होताना मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या आणि छोट्या डिझेल गाडीचा पर्याय नव्या बाजारातून जवळपास संपला. थोडक्यात, जुनी गेली की तशीच नवी मिळेल अशी स्थिती नाही.

त्यातच दिल्ली परिसरातील दहा वर्षांच्या नियमाने महाराष्ट्रात विनाकारण घबराट आहे. तो नियम त्या परिसरापुरता होता. इथे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. ‘आता डिझेल बंदच होणार’ हे वाक्य जुन्या गाड्यांचे दलाल भाव पाडण्यासाठी सर्रास वापरतात.

एकच लक्षण, दहा कारणे

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवली जाते की, त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. म्हणजे गरज तीनच गोष्टींची : पुरेशी दाबलेली हवा, बारीक फवारा आणि अचूक वेळ. ‘इंजिन काम’ यातल्या फक्त पहिल्या गोष्टीशी, म्हणजे बोअर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह आणि हेडशी संबंधित आहे. बाकी बिघाड इंजिनच्या बाहेरचे असतात. अडचण अशी की, बाहेरून लक्षणे सारखीच दिसतात.

काळा धूर आणि पिकअप नाही, याचा अर्थ डिझेल जास्त किंवा हवा कमी. टर्बोपासून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप तडकला तरी नेमके हेच होते. एअर फिल्टर तुंबला, ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अडकला, हवेचा सेन्सर चुकीचा आकडा देऊ लागला, तरी हेच. उशिरा सुरू होणे हा तर सगळ्यात फसवा प्रकार. कॉमन रेल इंजिनात ठरावीक दाब तयार झाल्याशिवाय संगणक इंजेक्टर उघडूच देत नाही. बॅटरी जुनी झाली की सेल्फ मंद फिरतो, पंप पुरेसा दाब देत नाही आणि गाडी सुरू होत नाही. फिल्टरच्या जोडातून एअर धरली किंवा एखादा इंजेक्टर आतल्या आत डिझेल परत सोडू लागला, तरी परिणाम तोच. सकाळी थंड इंजिनवर थोडा पांढरा धूर आणि थरथर असेल तर संशय आधी हीटर प्लगवर घ्यावा. निळसर धूर दिसला आणि ऑइल कमी होत असेल, तर मात्र दुखणे टर्बोचे किंवा रिंगांचे असू शकते. तिथे चालढकल नको. तसेच पाणी कमी होत असेल आणि धूर गोडसर वासाचा असेल, तर हेड गॅस्केट तपासावे.

एक छोटे उदाहरण बोलके आहे. इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा वॉशर असतो. तो बसका झाला की, जळालेला वायू बाजूने निसटतो. इंजिनमधून ‘चफ-चफ’ आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. वॉशरची किंमत चहा-नाश्त्याएवढी. दुर्लक्ष केले तर इंजेक्टर जागेवर असा पकडतो की, काढताना हेडला इजा होते आणि मग खरेच इंजिन काम निघते.

झाकणाच्या धुराचेही तसेच. जुन्या डिझेल इंजिनात ऑइलच्या झाकणातून थोडा धूर येतोच. तो फार जोराने भपकारे मारत असेल तर संशयाला जागा आहे, पण तो पुरावा नव्हे.

तपासणीचे पैसे कोण देणार?

पुरावा मोजून मिळतो. हीटर प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या जागी गेज लावून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजता येते. चारही आकडे एकमेकांच्या जवळ आणि कंपनीच्या मर्यादेत असतील, तर इंजिन खोलण्याचे कारण नाही. इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार छोट्या बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटे चालवले की, कोणता इंजेक्टर जास्त डिझेल परत पाठवतो ते डोळ्यांनी दिसते. स्कॅनर लावून रेलचा दाब आणि टर्बोचा दाब गाडी चालवताना पाहता येतो. नुसता एरर कोड वाचून त्या नावाचा सेन्सर बदलणे ही तपासणी नव्हे. ‘रेल दाब कमी’ असा कोड आला, तर दोष सेन्सरचा असेल, पंपाचा असेल किंवा तुंबलेल्या फिल्टरचाही असेल.

या सगळ्याला अर्धा दिवस लागतो आणि इथेच ग्राहकाची बाजूही तपासायला हवी. डॉक्टरला तपासणी फी आणि रक्त-लघवी चाचणीचे पैसे निमूटपणे देणारा माणूस गॅरेजमध्ये ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ असे विचारतो. त्यामुळे मिस्त्रीची कमाई फक्त पार्ट विकण्यातून आणि इंजिन खोलण्यातून होते. मग त्याने नीट मोजण्यात दिवस का घालवावा? सगळेच गॅरेजवाले लबाड असतात असे नाही. ग्राहकांनी तयार केलेली व्यवस्थाच त्यांना अंदाजाकडे ढकलते. तपासणीचे वेगळे पैसे आधी ठरवून दिले आणि आकडे कागदावर मागितले, तर दोघांचेही नाते बदलते.

घरी काय करावे, कशाला हात लावू नये?

महाराष्ट्राच्या खेड्यांत विहिरीवरच्या ऑइल इंजिनाने डिझेलचे शिक्षण केव्हाच दिले आहे. नोझल साफ करणे, एअर काढणे, फिल्टर धुणे ही कामे शेतकरी स्वतः करत आले. मोटारीतही बरेच काही घरी होते. एअर फिल्टर बदलणे, डिझेल फिल्टरच्या तळातले पाणी सोडणे (पावसाळ्यात तर नक्कीच), बॅटरीची टोके साफ करणे, टर्बोच्या पाइपवर तेलकट डाग किंवा चीर शोधणे, उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का ते पाहणे. ऑइल बदलणेही अवघड नाही; फक्त गाडीखाली जायचे तर नुसत्या जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेत. आणि जुने ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये, डब्यात भरून गॅरेजला द्यावे.

ऑइलची पातळी पाहणे हे यातले सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टाळले जाणारे काम. उल्लेख केलेल्या १२४८ सीसीच्या इंजिनात ऑइल मावते जेमतेम तीन लिटरच्या आसपास. त्याची टायमिंग चेन घट्ट ठेवणारा टेन्शनर ऑइलच्याच दाबावर चालतो. ऑइल कमी झाले की चेन सैल पडते, खडखडते आणि एखाद्या दिवशी उडी मारते. मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. पंधरवड्यातून एकदा डिपस्टिक पाहणाऱ्याला ही वेळ सहसा येत नाही.

जुन्या मिस्त्रींची एक सवय मात्र नव्या इंजिनांवर जीवघेणी आहे. चालू इंजिनवर एकेका नोझलचा नट सैल करून कोणता सिलिंडर मेला आहे ते ओळखण्याची. टायरमध्ये हवेचा दाब साधारण दोन बार असतो, तर कॉमन रेलमध्ये तो दीड हजार बारच्या घरात जातो. त्या दाबाचा डिझेलचा फवारा कातडी फोडून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण ती तातडीने शस्त्रक्रिया करण्याजोगी असते. उच्च दाबाच्या नळ्या, पंप आणि इंजेक्टर हे घरचे काम नाही आणि सामान्य गॅरेजचेही नाही. ते टेस्ट बेंच असलेल्या डिझेल वर्कशॉपचे आहे.

विश्वासाचे गॅरेज ओळखायचे कसे?

चकचकीत पाटीवरून नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बहुधा दुरुस्तीपेक्षा पूर्ण भाग बदलण्यावर भर असतो. जुन्या गाडीला ते परवडत नाही. दुसरीकडे, ‘ईजीआरला पत्रा मारून बंद करतो, पिकअप बघा’ असे सांगणाऱ्या गॅरेजपासूनही दूर राहिलेले बरे. त्याने प्रदूषण वाढते, ते नियमातही बसत नाही आणि मूळ दोष तसाच राहतो. आधीच जुने डिझेल इंजिन नव्या बीएस-६ गाडीपेक्षा शहराच्या हवेवर जास्त भार टाकते. ती गाडी ठेवायची तर निदान धूर तरी आटोक्यात असावा.

चांगला मिस्त्री आधी प्रश्न विचारतो : थंड असताना होते की गरम झाल्यावर, पाऊस पडल्यावर की टाकी रिकामी असताना? तो काढलेले पार्ट परत देतो. इंजेक्टर बाहेर पाठवले तर बेंचचा आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट दाखवतो. इंजेक्टर बदलल्यावर अनेक इंजिनांत त्यांचे कोड संगणकात भरावे लागतात, हे त्याला ठाऊक असते. हेड फेसिंग किंवा बोअरिंगसारखे काम तो स्वतः ‘जुगाड’ करून उरकत नाही. मशीन शॉपला पाठवतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी असे कसबी हात पिढ्यान् पिढ्या आहेत. आणि तो खर्च आधी कागदावर लिहून देतो. बिल नसेल तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करून पुढे नेणेही कठीण होते.

माहितीचा प्रश्न उरतोच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्रही घेतले. पण एखाद्या इंजिनाचे कॉम्प्रेशन किती असावे, हा साधा आकडाही तालुक्याच्या मिस्त्रीला अजून ओळखीतूनच मिळवावा लागतो.

खर्च कधी थांबवावा?

मोजमाप करून कॉम्प्रेशन खरोखर गेलेले निघाले, तर आधी गाडीचा सांगाडा पाहावा. कोकणातल्या खाऱ्या हवेत तळाचा पत्रा आणि सस्पेन्शनचे जोड गंजले असतील, तर नव्या रिंगांना अर्थ नाही. बॉडी ठणठणीत असेल, वर्षाचे धावणे चांगले असेल आणि नोंदणीची चार-पाच वर्षे हाताशी असतील, तर इंजिन बांधून घेणे हप्त्याच्या नव्या गाडीपेक्षा स्वस्त पडू शकते. मोडीतच काढायची ठरली, तर रस्त्यावरच्या भंगारवाल्याला किल्ली देऊन मोकळे होऊ नये. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातून ठेव प्रमाणपत्र घ्यावे आणि आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करावी. ती झाली नाही, तर त्या गाडीच्या नंबरप्लेटचा पुढे काही गैरवापर झाल्यास कागदोपत्री मालक तोच असतो.