फरशी चकचकीत, पण धुळीचं काय?

नगरला, सॉरी, अहिल्यानगरला सावेडीत आमच्या शेजारी बंगल्याचं फरशीचं काम चालू आहे. आत मार्बल, जिन्याला ग्रॅनाइट, पार्किंगला पॉलिश काँक्रीट. कटर सुरू झाला की आम्ही खिडक्या लावून घेतो. कापणारा पोरगा मात्र तोंडाला रुमाल बांधून दिवसभर त्याच धुळीत.

मार्बलमध्ये सिलिका कमी असते, ग्रॅनाइट आणि काँक्रीटमध्ये भरपूर. ती बारीक धूळ फुफ्फुसात साचली की सिलिकोसिस. तो बरा होत नाही, आणि रुमालानं ही धूळ अडत नाही. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून ओट्यांच्या कृत्रिम दगडावर बंदी घातली ती याच आजारामुळे. राजस्थाननं २०१९ मध्ये या रुग्णांसाठी धोरण आणलं.

आपल्याकडे बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर कामगारांसाठी घेतात. पण मंडळात नोंदणीला वर्षात ९० दिवस कामाचा दाखला लागतो. आठवड्याला साइट बदलणाऱ्या फरशी मिस्त्रीला तो देणार कोण?

माझं म्हणणं साधं आहे. महापालिकेनं बांधकाम परवानगीतच पाणी मारून कटिंग करण्याची अट घालावी. आणि घरमालकहो, स्क्वेअर फुटाचा रेट पाडून मागताना पाण्याचा कटर आणि चांगल्या मास्कचे पैसे वेगळे धरा. लाखांच्या फरशीत ते जड नाहीत.