विरळ केस आणि मूळपेशींचे आश्वासन

‘शस्त्रक्रियेविना केस परत. आपल्याच शरीरातील स्टेमसेलचा चमत्कार.’ मुंबई-पुण्याच्या केशचिकित्सा केंद्रांच्या अशा जाहिराती आता मोबाइलवरून कसालपर्यंत पोहोचतात. गेल्या पावसाळ्यानंतर सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका तशीच जाहिरात घेऊन दवाखान्यात आल्या. खर्च ठाण्याचा मुलगा करणार होता. “डॉक्टरानू, ह्या करूक व्हया काय?” एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर ‘नको’ असे आहे. परंतु ते का, हे समजून घेतल्याशिवाय पुढची जाहिरात पाहून मन पुन्हा डळमळते.

मूळपेशी, म्हणजेच स्टेमसेल, ही थाप नव्हे. ज्या पेशीपासून तिच्यासारख्या दुसऱ्या पेशी आणि शरीराला लागणाऱ्या विशिष्ट कामाच्या पेशीही तयार होतात, ती मूळपेशी. १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर भारतातील पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. तो मूळपेशींचाच उपचार होता आणि रक्ताच्या ठरावीक विकारांत तो आज जगभर मान्य आहे. याच पुण्याईवर केसांची दुकानदारी चालते.

केसांच्या मुळाशीही मूळपेशी असतात. रोमकूपाच्या एका फुगीर भागात त्यांचे वास्तव्य असते, हे १९९० मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. त्याहून उद्बोधक निष्कर्ष २०११ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून आला. टक्कल पडलेल्या पुरुषांच्या डोक्याच्या त्वचेतही मूळपेशी जवळजवळ तेवढ्याच होत्या. कमी झाल्या होत्या त्या त्यांच्यापासून तयार होणाऱ्या पुढच्या टप्प्यातील पेशी. शेतकऱ्याला हे चटकन उमगेल. कुणग्यात बी आहे, ते रुजत नाही. अशा कुणग्यात आणखी बी टाकून काय साधणार? केशरोपणात निदान तरवा काढून दुसरीकडे लावणी तरी होते.

मग त्या केंद्रांत प्रत्यक्ष काय करतात? बऱ्याच ठिकाणी रुग्णाच्या दंडातून रक्त काढून ते यंत्रात फिरवतात आणि त्यातील बिंबाणूंनी समृद्ध असा द्रव डोक्यात टोचतात. याचे खरे नाव पीआरपी. बिंबाणू हे पेशींचे तुकडे असतात, त्यांत केंद्रकही नसते. त्यांना मूळपेशी म्हणणे हे शुद्ध असत्य आहे. पीआरपीने काही तरुण रुग्णांना थोडा लाभ होतो, पण तो टिकवण्यासाठी पुनःपुन्हा टोचून घ्यावे लागते. दुसऱ्या प्रकारात पोटावरची चरबी शोषून किंवा कानामागील त्वचेचे बारीक तुकडे काढून, त्यांवर प्रक्रिया करून तो द्रव टोचतात. चरबी काढणे आणि त्वचा कापणे यांना शस्त्रक्रिया म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे? यावरचे अभ्यास आजवर थोड्या रुग्णांवरचे आणि अल्पकाळाचे आहेत.

कायद्याची बाजू अधिक स्पष्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यता न मिळालेल्या आजारांसाठी मूळपेशींचा वापर केवळ रीतसर चाचणीतच करता येतो. केस गळणे हा मान्यता मिळालेला विकार नाही. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे केंद्राने दर सांगितला, की ती चाचणी नव्हे हे आपोआपच ठरले. हा एकच प्रश्न मुला-सुनांनी फोनवर विचारावा.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक काळजी असते. डोके बधिर करण्याच्या इंजेक्शनात पुष्कळदा अ‍ॅड्रिनलिन मिसळलेले असते. हृदयविकार असलेल्यांना ते बाधू शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास टोचलेल्या जागी रक्त साकळते, आणि त्या भीतीने कोणी गोळ्याच परस्पर बंद केल्या, तर हृदयाला बसविलेली स्टेंट बंद पडण्याची वेळ येऊ शकते. केसांपायी एवढे मोल कोणी देऊ नये.

मुळात, केस का गळतात हे आधी शोधावे. डिसेंबर २०२४ पासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतील लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले होते. प्रथम संशय पाण्यावर आणि बुरशीवर गेला. विंचूदंशावरील संशोधनामुळे कोकणाला परिचित असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर तेथे गेले. रक्त, लघवी, केस आणि गहू तपासून घेतल्यावर त्यांनी रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखविले. पुढे अनेकांचे केस आपोआप उगवू लागले. त्या दिवसांत कोणी तेथे ‘स्टेमसेल’ टोचले असते, तर श्रेय त्यालाच मिळाले असते! केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गोळ्यांतही सेलेनियम असते. अशा दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकदम घेऊ नयेत.

आमच्या शिक्षिकाबाईंना श्रावणात कडक ताप येऊन गेला होता. अशा तापानंतर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा घरातील मृत्यूच्या धक्क्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात आणि बहुधा सहा महिन्यांत सावरतात. शिवाय तपासणीत त्यांच्या थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावलेले आढळले. दातांअभावी त्या दोन्ही वेळा पेजेवर राहत होत्या, हे सुनेने सांगितले. थायरॉइडची गोळी, कवळी, आणि पेजेसोबत अंडे किंवा उसळ, एवढ्यावर फाल्गुनापर्यंत भांगाशी नवे केस दिसू लागले. सर्वांचे असे होत नाही. आनुवंशिक विरळपणा वयाबरोबर वाढतच जातो. जेथे त्वचा गुळगुळीत, चकचकीत होऊन रोमकूपच मिटले आहेत, तेथे तर लवकर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. ओरोसचे जिल्हा रुग्णालय आपल्याला जवळ आहे.

आनुवंशिक विरळपणावर खऱ्या अर्थाने शस्त्रक्रियेविना होणारा, अभ्यासाने सिद्ध झालेला उपाय म्हणजे डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल. मूळचे ते रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर लव वाढते हे ध्यानात आल्यावर त्याचा केसांसाठी उपयोग सुरू झाला. पहिल्या काही आठवड्यांत केस अधिक गळतात, म्हणून घाबरून सोडू नये. निदान चार-सहा महिने तरी लावावे. त्याच्या पोटात घेण्याच्या गोळ्या मात्र कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. पायांवर सूज येते, रक्तदाब उतरतो, आणि रात्री लघवीला उठलेला माणूस तोल जाऊन पडतो.

फिनास्टराइडची गोळी घेणाऱ्या पुरुषांनी ही गोष्ट चिठ्ठीवर लिहून ठेवावी. या औषधाने प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतील पीएसएचा आकडा काही महिन्यांत सुमारे निम्म्यावर येतो, आणि मग कर्करोगाचा इशारा देणारा आकडाही निर्धोक भासतो. बायोटिनचेही तसेच. केसांसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या या जीवनसत्त्वाची मात्रा मोठी असली, की थायरॉइडची आणि हृदयविकाराच्या झटक्याची तपासणी काही यंत्रांवर चुकीची येते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशारा दिला आहे. छातीत दुखू लागून रुग्णालयात जाताना आजोबांच्या रोजच्या गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी. तीत केसांच्या गोळ्याही ठेवाव्यात.